पाठ नसलेला कॅमेरा

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास बसला तर ठेवा, नाहीतर वाचून सोडून द्या. पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो कुलदीप माझा सख्खा आतेभाऊ आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत त्याचा फोटो स्टुडिओ आहे. आजही त्याचं शटर रोज उघडतं. गावाचं नाव तेवढं सांगणार नाही, कारण त्या घरची माणसं अजून तिथेच राहतात. धाडच्या अलीकडचं एक गाव, एवढं पुरे.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते. मध्यरात्र लागते. कुत्र्यांचं रडणं लागतं.

इथे तसलं काही नव्हतं.

गेल्या वर्षीचा वैशाख होता. टळटळीत दुपार होती. अंगणात अनवाणी पाय टेकवत नव्हता, इतकं ऊन होतं.

आणि तरीही...

असो. पहिल्यापासून सांगतो.

कुलदीप लग्नांचे व्हिडिओ काढतो. चिखलीत हे काम करणारे गल्लोगल्ली आहेत. सगळ्यांकडे ड्रोन, सगळ्यांकडे तीच ती गाणी. म्हणून या गड्यानं पुण्याहून एक वेगळा कॅमेरा आणला. मुठीत मावेल एवढा. पुढे एक भिंग, मागे एक भिंग. दोन्ही भिंगं मिळून चारी बाजूंचं, वरचं, खालचं, सगळं एकाच वेळी टिपतात. मग कॉम्प्युटर ते जोडून एक सलग गोल चित्र करतो. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला, की बघणारा थेट मांडवात जाऊन बसतो. डावीकडे मान वळवा, डावीकडचे पाहुणे दिसतात. मागे वळा, मागचे आचारी दिसतात.

कॅमेरा आला आणि कुलदीपचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. जो भेटेल त्याची तो शिकवणी घ्यायचा. माझीही घेतली. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायचा, नाहीतर बघणाऱ्याला आपण शिडीवर चढलोय असं वाटतं. एकदा लावला की हलवायचा नाही, बघणाऱ्याला गरगरतं. दोन भिंगांचा जोड जिथे येतो त्या रेषेवर कुणाला जवळ उभं करायचं नाही, माणूस मधोमध कापला जातो. आणि कॅमेरावाल्यानं स्वतः आधी कुठेतरी लपायचं, कारण या कॅमेऱ्याला पुढचं आणि मागचं असं काही नसतं.

"याले पाठच नाई," तो फुशारकीनं सांगायचा. "याच्या मांगं कोणी लपूच शकत नाई."

हे त्यानं सुवर्णालाही ऐकवलं होतं.

सुवर्णा म्हणजे त्या गावची नवरी. बुलढाण्याला एका दवाखान्यात नर्स आहे. तिचं लग्न ठरलं आणि ती एकटीच स्टुडिओत आली. नवरी स्वतः येऊन व्हिडिओ ठरवते, असं आमच्याकडे सहसा होत नाही. कुलदीपनं तिला चष्मा चढवून मेहकरच्या एका लग्नाचा नमुना दाखवला. बाकीचे लोक आधी नवरा-नवरी बघतात.

ही पोरगी आधी मागे वळली.

बराच वेळ ती मागचंच बघत राहिली. मागे भांडी घासणाऱ्या बाया होत्या, पायरीवर एक म्हातारी बसलेली होती. मग चष्मा काढून तिनं विचारलं, की मागे उभं असलेलं माणूसही यात येतं का. कुलदीप म्हणाला, येणारच.

"आणि कोणी सांगतलं, की याले घेऊ नका, तं?"

कुलदीप हसला. "तशी सोयच नाई ताई याच्यात."

तिनं तिथल्या तिथे ऑर्डर दिली. लग्नाची नाही, फक्त हळदीची. असं का, हे कुलदीपनं विचारलं नाही. नवीन कॅमेऱ्याला गिऱ्हाईक मिळालं या आनंदात तो होता.

हळदीच्या दिवशी कुलदीप सकाळीच पोहोचला. मोठं शेतकरी कुटुंब. घर नवं, सिमेंटचं. अंगणाची मागची भिंत तेवढी जुनी, दगडाची. त्या भिंतीला लागून स्वयंपाकघराचं मागचं दार. सुवर्णाचे वडील ती लहान असतानाच शेतात वीज पडून गेले होते. तेव्हापासून घर बघत होते तिचे मोठे काका हिंमतराव. माणूस वाईट नव्हता. पुतणीला त्यांनी शिकवलं, नोकरीला लावलं, स्थळही स्वतः फिरून बघितलं.

मांडव भरायच्या आधी कुलदीप नेहमी रिकाम्या अंगणाचं थोडं शूटिंग करून ठेवतो. नंतर कुठे वायर आली, कुणाची मोटारसायकल आली, की त्या रिकाम्या चित्राचा तुकडा कापून वर डकवायचा. ठिगळच म्हणा ना. कॅमेरा जागचा हललेला नसतो, त्यामुळे ठिगळ कुणाला ओळखू येत नाही.

त्यानं अंगणाच्या मधोमध कॅमेरा लावला. उंची हळदीच्या पाटावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांएवढी. सगळ्यांना आत पाठवलं. स्वतः धान्याच्या खोलीत पोत्यांमागे जाऊन बसला आणि फोनवर बघू लागला.

अंगण रिकामं.

कुठूनतरी घरच्या कोंबड्या आल्या. जमिनीवर ज्वारीचे दाणे सांडले होते, ते टिपू लागल्या. कुलदीप म्हणाला, असू द्या.

मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली.

मागच्या दगडी भिंतीजवळही दाणे होते. भरपूर होते. पण तिथे... एकही कोंबडी जात नव्हती. भिंतीपर्यंत यायची, थांबायची, मान वर करून बघायची आणि वळसा घालून निघून जायची. माणसं उभी असली की कोंबड्या त्यांच्या पायांना टाळून जातात ना, अगदी तशी.

भिंतीजवळ कुणीच नव्हतं.

आणि मग... खोकला ऐकू आला. दाबलेला. तोंडाला पदर लावून खोकावं तसा.

कुलदीपनं पोत्यांवरून डोकावून पाहिलं. ऊन, कोंबड्या, कॅमेरा. बस्स. स्वयंपाकघरात कुणीतरी खोकलं असेल, असं त्यानं धरलं. लग्नघरात कुणाच्या खोकल्याचा कोण विचार करतो?

तो बाहेर आला तर हिंमतराव वाटच बघत होते. त्यांनी खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेलं. आवाज एकदम मऊ. भावजय आमची देवमाणूस आहे, म्हणाले, आमच्या घरासाठी राब राब राबली. पण हळदीत ती दिसायला नको. पोरीच्या सासरचे व्हिडिओ बघतील, उद्या पोरीलाच बोल लावतील. ती आपणहून पुढे येणार नाही, पण चुकून आली तर तेवढं सांभाळ. आणि मग जाता जाता, आमच्या भावकीत येत्या हिवाळ्यात लग्नंच लग्नं आहेत, सगळ्यांना तुझंच नाव सांगणार आहे.

कुलदीपच्या अगदी ओठांवर आलं होतं, की काका, या कॅमेऱ्यात तसं जमत नाही.

तो म्हणाला, "काळजी करू नका काका."

ती भावजय म्हणजे रेणुकाबाई. सुवर्णाची सख्खी आई.

त्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभ्या होत्या. हात मनगटापर्यंत पिवळे. लेकीची हळद त्यांनीच दळली होती, त्यांनीच कालवली होती. ती लावायच्या मात्र पाच सवाष्णी. कुलदीप जवळून जाताना त्यांनी त्याला हळूच हाक मारली.

"भाऊ, मी कुठं थांबू? मले लेकराचं तोंड दिसलं म्हंजे झालं. पन तुमच्या व्हिडिओत मी नाई आली पायजे."

आता इथे खरं सांगायला काय जात होतं? कॅमेरा सगळीकडचं टिपतो, काकू, तुम्ही खिडकीतून बघा. एवढंच सांगायचं होतं. पण कुलदीपला वाटलं, हिंमतरावांचंही राहील, या बाईलाही जवळून बघायला मिळेल, आणि नंतर ठिगळ आहेच की. त्यानं दगडी भिंतीकडे बोट केलं.

"तिथं थांबा काकू, कॅमेऱ्याच्या मांगं. मांगचं येत नाई याच्यात."

रेणुकाबाईंनी त्या जागेकडे पाहिलं. जरा वेळ बघतच राहिल्या.

"हाव," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी तिथंच थांबा लागते."

त्या निमूटपणे जाऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. कुलदीप स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन पुन्हा पोत्यांमागे गेला.

हळद सुरू झाली. पाटावर सुवर्णा. हिंमतरावांच्या बायकोनं, सरस्वतीबाईंनी, पहिली हळद लावली. बायांनी गाणी धरली. फोनवर कुलदीपला पुढचं मागचं सगळं एकदम दिसत होतं. पुढे हशा आणि हळद. मागे भिंतीशी एकट्या रेणुकाबाई.

त्यांना वाटत होतं, आपल्याला कुणी बघत नाही.

सरस्वतीबाईंचा हात सुवर्णाच्या गालाकडे गेला, की मागे रेणुकाबाईंचा हात हवेत तसाच वर जायचा. कपाळाला हळद लागली, की इकडे बोटं हवेतच कपाळाला लागायची. ओठ हलत होते, गाणं त्याही म्हणत होत्या. शेवटी त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. कुणी बघत नाही अशी खात्री केली. आणि तो पिवळा तळहात स्वतःच्याच गालावरून फिरवला. लगेच पदरानं खसाखसा पुसूनही टाकला.

कुलदीपनं फोन पालथा केला. दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून शिरल्यासारखं त्याला वाटलं. तरीही रेकॉर्डिंग त्यानं बंद केलं नाही.

लग्न पार पडलं. मग हिंमतरावांचा फोन आला, तेवढं सांभाळलं ना, म्हणून. कुलदीप म्हणाला, आजच करतो.

चिखलीचा बाजार भरला होता त्या दिवशी. स्टुडिओचं शटर सताड उघडं, बाहेर रिक्षा, जीपवाल्यांच्या हाका, समोर कापसाची गाडी अडकून पडलेली. भीती वाटावी असं वातावरणच नव्हतं. कुलदीपनं हळदीची फाईल उघडली. रिकाम्या अंगणाचा तुकडा घेतला आणि रेणुकाबाईंवर डकवला.

रेणुकाबाई गेल्या.

त्यांच्या जागी... दुसरी बाई उभी होती.

वयानं मोठी. विटक्या लाल रंगाचं लुगडं, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं, हात मोकळे. भिंतीला पाठ लावून, समोर बघत.

कुलदीपला वाटलं, चुकीचा तुकडा घेतला. त्यानं रिकाम्या अंगणाचीच फाईल उघडली. तेच ऊन, त्याच कोंबड्या. आणि भिंतीशी... ती बाई. कोंबडी तिच्या पायांपाशी आली, मान वर केली, वळसा घालून गेली.

हे शूटिंग चालू असताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी अंगण बघितलं होतं. तिथे कुणी नव्हतं.

त्यानं त्याच फाईलचा थोडा पुढचा तुकडा घेतला. डकवला. लाल लुगडं गेलं.

तिथे अजून एक बाई होती. अजून म्हातारी. कमरेत वाकलेली.

तिच्यावर तुकडा लावला.

अजून एक. ही तर तरणीताठी, पोरसवदा. तिच्या पदराआड अजून कुणाचा तरी खांदा.

कुलदीप पुसत गेला आणि त्या येत गेल्या. काही वेळानं त्यानं मोजायचं सोडून दिलं. सगळ्या एकाच जागी उभ्या. सगळ्या समोर बघत होत्या. त्या फाईलमध्ये समोर काहीच नव्हतं, पाटसुद्धा अजून मांडलेला नव्हता. तरी त्यांचे हात हळूहळू हवेत वर जात होते... कुणाच्या तरी गालापर्यंत.

तळहात पिवळे होते. सगळ्यांचे.

त्यानं कानाला हेडफोन लावला. या कॅमेऱ्याचा माईक आवाजाची दिशाही धरतो. पुढून सवाष्णींचं गाणं मोठ्यानं येत होतं. मागून रेणुकाबाईंचा बारीक आवाज. तेवढा आवाज त्यानं उडवला.

मागून गाणं येतच राहिलं. एकाचे अनेक आवाज झाले होते. अगदी दबक्या आवाजात, पुढच्यांना ऐकू जाऊ नये असं.

तेवढ्यात शेजारचा सईद चहा घेऊन आला. सईदचं हॉटेल स्टुडिओला लागून आहे, तो रोजच येतो. त्यानं ग्लास ठेवला, स्क्रीनकडे पाहिलं.

"कोनाचं लग्न हाय भाई?" त्यानं विचारलं. "इतक्या बाया उन्हात काऊन उभ्या केल्या? सावलीत तरी बसवाच्या."

सईदनं कालचा रिकामा ग्लास उचलला आणि निघून गेला.

म्हणजे ते फक्त त्यालाच दिसत होतं असंही नव्हतं.

आता मला सांगा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? काम तिथेच थांबवलं असतं. सुवर्णाला फोन लावला असता. कुलदीपच्या मनात तिला फोन करायचं आलं होतं, हे त्यानं मला स्वतः सांगितलं. पण फोन करून सांगणार काय? की तुझ्या आईला पुसत होतो आणि ही अशी पंचाईत झाली? भुताची भीती होतीच. पण त्याहून मोठी त्याला लाज वाटली. फोन हातात घेऊन त्यानं तो परत खिशात टाकला.

मग त्यानं रिकाम्या अंगणाचा नादच सोडला. भिंतीच्या पार डाव्या टोकाचे दगड उचलले आणि त्या सगळ्या जागेवर पसरून टाकले. मागचा आवाज मुळापासून बंद केला.

चित्र स्वच्छ झालं. नुसती दगडी भिंत, तिच्यावर ऊन.

त्यानं तयार फाईल काढली आणि मूळच्या सगळ्या फाईली उडवून टाकल्या. कार्डही कोरं केलं. ती तोंडं त्याला स्टुडिओत नको होती. आणि त्यांच्यासोबत रेणुकाबाई हळदीला होत्या याचा एकुलता एक पुरावाही गेला, हे तेव्हा त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मांडवपरतणीला सुवर्णा माहेरी आली, तेव्हा ती चिखलीला व्हिडिओ घ्यायला आली. सोबत आई होती. रेणुकाबाई स्टुडिओत अवघडून बसल्या, खुर्चीच्या अगदी कडेवर. सुवर्णाचे डोळे चमकत होते. तिनं आईला सांगून ठेवलं होतं म्हणे, की तुला एक गंमत दाखवायची आहे.

कुलदीपनं तिला चष्मा चढवला. चष्म्यात तिला जे दिसेल ते समोरच्या स्क्रीनवरही दिसतं. तो स्क्रीनकडे बघत उभा राहिला.

सुवर्णा लगेच मागे वळली.

स्क्रीनवर दगडी भिंत. रिकामी.

सुवर्णा बघत राहिली. बराच वेळ. मग तिनं हळूच हात जोडले.

"आई," ती म्हणाली. "आजी हाय इथं."

स्क्रीनवर काहीच नव्हतं. भिंत आणि ऊन.

"आपल्या फोटोतली आजी. तेच लाल लुगडं." तिची मान थोडी सरकली. "हे कोन हाय? हे बी आपल्यातलीच दिसते..." पुन्हा थोडी सरकली. पुन्हा. एकेकीपाशी थांबत, पुढे जात. तिच्या आवाजात भीती नव्हती. नातेवाइकांच्या घरी गेल्यावर एकेकाला ओळखत जावं, तशी ती बोलत होती.

रेणुकाबाई खुर्चीवर ताठ झाल्या होत्या.

सुवर्णाची मान डावीकडून उजवीकडे गेली. मग परत उजवीकडून डावीकडे. आता जरा घाईनं. मग वर, खाली, पुन्हा मधे.

"सगळ्या हायेत," ती म्हणाली. "आई, तूच नाईस."

रेणुकाबाईच बोलल्या. अगदी साधेपणानं.

"मी कशी राहीन माय त्याच्यात? मी तं मांगं होती. या भाऊनं सांगतलं होतं, मांगचं येत नाई."

सुवर्णानं चष्मा काढला. तिनं कुलदीपकडे पाहिलं.

या कॅमेऱ्याला पाठ नसते, हे तिला कुलदीपनंच सांगितलं होतं. याच स्टुडिओत, याच टेबलापाशी. कुलदीपनं फरशीकडे बघायला सुरुवात केली. त्या वेळची फरशीची प्रत्येक फट मला आजही आठवते, असं तो सांगतो.

"मूळची फाईल हाय न, दादा?" शेवटी तिनं विचारलं.

कुलदीपनं मान हलवली. नाही.

आणि तेव्हा रेणुकाबाई उठल्या, कुलदीपपाशी आल्या आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "तुमी शब्द पाळला भाऊ. मले लय भेव वाटून राह्यलं होतं. त्या दिवशी मी जरासा हात..."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. उजवा तळहात पदरात लपवला आणि लेकीला म्हणाल्या, चल, गाडी चुकन.

मायलेकी पायऱ्या उतरून गेल्या. आईनं त्याला आशीर्वाद दिल्यासारखं केलं होतं. त्यापेक्षा चार थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

फाईल अजून चालूच होती. चष्मा टेबलावर पडलेला.

कुलदीपनं तो उचलून डोळ्यांवर चढवला. का चढवला, ते त्यालाही सांगता येत नाही. त्याला मागचं बघायचं होतं, पण मागे वळायची हिंमत झाली नाही. तो समोरच बघत राहिला.

समोर सवाष्णी होत्या. सरस्वतीबाई सुवर्णाला हळद लावत होत्या, कुणीतरी चेष्टा केली म्हणून सगळ्या हसत होत्या.

सुवर्णा हसत नव्हती.

हे त्यानं आधी बघितलंच नव्हतं. इतके दिवस तो फक्त मागची बाजू साफ करत होता.

पाटावर बसलेली सुवर्णा हळद लावणाऱ्या एकाही बाईकडे बघत नव्हती. ती सरळ त्याच्याकडे बघत होती. त्याच्याकडेही नाही... त्याच्या खांद्यावरून, त्याच्या मागे. पहिल्या हळदीपासून शेवटच्या हळदीपर्यंत. मधेच तिचा गाल हळूच एका बाजूला कलायचा. जणू कुणीतरी समोरून हात लावलाय. तिचे डोळे भरून आले होते आणि ती मागच्या कुणाला तरी डोळ्यांनीच सांगत होती, लागली गं, पोचली.

आणि ती जिच्याकडे बघत होती, तिच्या जागी कुलदीपनं दगड भरले होते.

तेवढ्यात... त्याला मानेपाशी ओलसर, थंड काहीतरी जाणवलं. चष्म्यात वास येत नसतो. तरी ओल्या हळदीचा वास आला. खूप माणसं अगदी जवळ येऊन उभी राहिली की हवा बदलते ना, तशी हवा बदलली. त्या सगळ्या त्याच्या मागे होत्या. एकीनंही त्याला हात लावला नाही. त्या त्याच्या खांद्यावरून पुढे बघत होत्या.

मग एक आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा. रागावलेला नव्हता. नुसती विचारपूस केल्यासारखा.

"आमची रेणुका कुठं ठेवली, बाबू?"

कुलदीपनं चष्मा काढला नाही. मागेही वळला नाही. त्याला तेव्हा भीती कमी वाटत होती, आणि त्यांना तोंड दाखवायची लाज जास्त. तो मान खाली घालून फाईल संपेपर्यंत तसाच उभा राहिला.

मला हे सांगताना त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याला म्हटलं, चल, मी सोबत येतो, त्यांच्या घरी जाऊन रेणुकाकाकूंना खरं काय ते सांगून टाकू. तो हो म्हणाला. गाडीत बसलोही. धाडच्या फाट्याला त्यानं गाडी थांबवायला लावली आणि म्हणाला, काय सांगू? की तुम्ही केलं ते मी बघितलं? की ते आता कुठेच नाही?

आम्ही तिथूनच परत फिरलो.